चिनी शाळेत शिकवायला निघालात? आधी हे वाचा

पहिल्या दिवशी वर्गात पाय ठेवला तशी ५२ मुलं खाडकन उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, 'गुड मॉर्निंग, टीचर.' मी विचारलं, 'हाउ आर यू?' बाकांवरून पुन्हा एकच आवाज: 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?' पाढे म्हणावेत त्या ठेक्यात. मी खूश. मग लॅपटॉप उघडला आणि आठवलं, की पुढच्या ४० मिनिटांची सगळी तयारी गूगल ड्राइव्हवर आहे. चीनमध्ये गूगल उघडत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण न्यू जर्सीत सोफ्यावर बसून माहीत असणं वेगळं आणि ५२ जोडी डोळ्यांसमोर ते गोल गोल फिरणारं चाक बघणं वेगळं. तो तास मी फळ्यावर केळं, आंबा आणि हत्ती काढून निभावला. हत्ती बरा आला होता.

मी मूळची पुण्याची, वीसेक वर्षं अमेरिकेत, पासपोर्ट अमेरिकन. शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर इथल्या रविवारच्या मराठी शाळेतला. २०१८च्या उन्हाळ्यात ग्वेइचौ प्रांतात तीन आठवड्यांचं शिबिर केलं आणि नंतर २०२४-२५ हे पूर्ण शैक्षणिक वर्ष हूनान प्रांतातल्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी शाळेत काढलं. परत आल्यापासून फोन सुरू आहेत: 'लेकीला कॉलेज झाल्यावर वर्षभर जायचंय, काय काय लागतं?' दर वेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे कोणाचा वेळ वाया जायला नको. हा लेख अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी आहे. इंग्रजी शिकवण्याच्या वर्क परमिटसाठी चीनमध्ये सहसा इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या देशाचं नागरिकत्व मागतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे. तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असो, ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्टवर हा दरवाजा जवळजवळ बंदच असतो.

१. किती दिवस आणि कोणामार्फत, हे आधी ठरवा

पूर्वी सरळ रस्ता होता तो पीस कोअरचा, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचा. १९९३ मध्ये १८ अमेरिकन स्वयंसेवकांची पहिली तुकडी सिचुआनला गेली. चीनमध्ये त्यांना 'अमेरिका-चीन मैत्री स्वयंसेवक' म्हणत. सिचुआन, छोंगछिंग, ग्वेइचौ, गान्सू अशा आतल्या भागांत १,३००हून जास्त जणांनी शिकवलं. जानेवारी २०२० मध्ये कार्यक्रम बंद करायचा निर्णय जाहीर झाला आणि लगोलग कोविडमुळे उरलेल्यांना परत आणलं. त्याच वर्षी जुलैमध्ये चीन आणि हाँगकाँगसाठीचं फुलब्राइटही, म्हणजे अमेरिकन सरकारची देवाणघेवाणीची शिष्यवृत्तीही, थांबलं. त्यामुळे कोणी 'सरकारतर्फे जाता येईल' म्हणालं तर नीट चौकशी करा. जुन्या माहितीवर बोलणारे भरपूर आहेत.

आता उरतात तीन रस्ते.

विद्यापीठांच्या जुन्या संस्था. येल-चायना १९०१ पासून आहे. चांगशामधली याली ही शाळा त्यांनीच १९०६ मध्ये सुरू केली आणि येलचे ताजे पदवीधर तिथे इंग्रजी शिकवायला जात आले. प्रिन्स्टन इन एशिया १८९८ची, ओबरलिन शान्सी १९०८ची. यांच्याकडे निवड कडक, पण कागदपत्रं, विमा, राहण्याची सोय यांची डोकेदुखी कमी. कॉलेजातून नुकतंच बाहेर पडणाऱ्या मुलांनी आधी इथे बघावं. त्या वर्षी चीनच्या मुख्य भूमीत जागा आहेत का, हे मात्र विचारून घ्या.

दुसरा रस्ता उन्हाळी शिबिरांचा, दोन ते चार आठवड्यांचा. एखादं चिनी विद्यापीठ किंवा शाळा बोलावते. नोव्हेंबर २०२३ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष शी चिनफिंग यांनी सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर केलं, की पाच वर्षांत ५०,००० अमेरिकन तरुणांना चीनमध्ये बोलावू. तेव्हापासून अशा भेटींना जोर आलाय. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, आयोवातल्या मस्कटीन गावची हायस्कूलची मुलं जाऊन आली. (शी १९८५ मध्ये या गावी राहून गेले होते, म्हणून मान त्यांचा.) या भेटी छान असतात, पण त्या भेटी असतात. चार दिवस बीजिंग, चार दिवस शांघाय आणि मधे शाळेत एक सकाळ. शिकवायचंच असेल तर वेळापत्रक आधी मागून घ्या आणि वर्गातले तास मोजा.

तिसरा रस्ता थेट शाळेशी वर्षाचा करार. मी तोच घेतला. सगळ्यात जास्त कागद यातच आहेत आणि मुलं खऱ्या अर्थाने भेटतात तीही यातच.

एजंटबद्दल दोन शब्द. माझ्याकडे एका एजंटने आधी फोटो मागितला. पाठवला. पंधरा दिवस शांतता. मग निरोप: पालकांना 'अमेरिकन दिसणारा' शिक्षक हवा आहे. मला राग आला, हसूही आलं. गोऱ्या कातडीची ही मागणी खासगी क्लासवाल्यांच्या बाजारात उघड चालते. सरकारी शाळेत मला तो अनुभव आला नाही. तिथे पहिला प्रश्न पदवीचा होता आणि दुसरा 'तिखट खाता का?' पदवी बघायच्या आधी फोटो मागणारा एजंट सोडून द्या.

२. व्हिसावर जे काम लिहिलंय तेच करा

सगळ्या लेखातून एवढंच लक्षात राहिलं तरी माझे कष्ट वसूल.

'स्वयंसेवक आहे, पगार घेत नाही, मग पर्यटक व्हिसा पुरे की' हे वाक्य मी निदान दहा जणांकडून ऐकलंय. अमेरिकन नागरिकांना दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळतो, तो हातात असतोच, म्हणून मोह होतो. करू नका. शाळेत तास घेणं हे पर्यटन नाही, मग पैसे घ्या अथवा नका घेऊ. जुलै २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यात बेकायदा कामासाठी ५,००० ते २०,००० युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवसांची कोठडी. शिवाय दंड बोलावणाऱ्यालाही होतो. म्हणजे तुमच्या 'समाजसेवे'पायी एखाद्या गरीब शाळेचे मुख्याध्यापक अडचणीत यायचे.

ढोबळ हिशेब असा: ९० दिवसांच्या आत, चीनकडून मोबदला न घेता, शाळेच्या किंवा संस्थेच्या निमंत्रणावर गेलात तर एफ व्हिसा. त्याहून जास्त दिवस किंवा मानधन असेल तर झेड व्हिसा, आणि त्याच्या आधी वर्क परमिटचं सूचनापत्र. ते शाळेने तिकडे अर्ज करून मिळवायचं असतं. 'तुम्ही या तर खरं, इथे आल्यावर बदलून देऊ' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच गेला आणि व्हिसा बदलायला स्वखर्चाने परत आला.

संस्थेमार्फत जात असाल तर एक प्रश्न जरूर विचारा. परदेशी संस्थांसाठी चीनमध्ये १ जानेवारी २०१७ पासून वेगळा कायदा आहे: पोलीस खात्याकडे नोंदणी हवी, नाहीतर त्या उपक्रमापुरती तात्पुरती नोंद तरी हवी. तुमची संस्था यांपैकी कशात बसते? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

३. कागदपत्रं, आणि ती कोणत्या क्रमाने

वर्षभराच्या झेड व्हिसासाठी मला लागलेली यादी:

- पासपोर्ट. मुदत भरपूर शिल्लक हवी, कोरी पानं हवीत.
- पदवी प्रमाणपत्र, ॲपोस्टिलसह (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का).
- एफबीआयचा चारित्र्य दाखला, ॲपोस्टिलसह.
- १२० तासांचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, किंवा शिक्षकी परवाना, किंवा दोन वर्षांचा कामाचा अनुभव. प्रांतागणिक थोडा फरक पडतो.
- वैद्यकीय तपासणी. तिकडे गेल्यावर पुन्हा होतेच.
- शाळेचा सही-शिक्क्याचा करार.
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो. मोजून नेऊ नका, मूठभर न्या.
- जन्म भारतातला असेल तर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि जुना, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट.

शेवटचा मुद्दा आपल्या लोकांना हमखास अडकवतो. अर्जात पूर्वीचं नागरिकत्व विचारतात आणि जन्मस्थान पासपोर्टवर छापलेलंच असतं. जुना पासपोर्ट कुठल्या तरी बॅगेत, ती बॅग माळ्यावर, माळा पुण्यात. माझ्या भावाने तो शोधून स्कॅन करून पाठवेपर्यंत आठ दिवस गेले. आजच शोधून ठेवा.

ॲपोस्टिलची गोष्ट तशी सोपी झाली आहे. हा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून आला. त्याआधी प्रत्येक कागद राज्य, मग केंद्र, मग चिनी वकिलात असा तीन दारं फिरायचा. आता एकच शिक्का. पण तो कोणाचा, इथे गफलत होते. एफबीआयचा दाखला केंद्र सरकारचा कागद, म्हणून त्याचं ॲपोस्टिल वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडून. पदवीचं ॲपोस्टिल राज्याकडून. बहुतेक राज्यांत ते सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत होतं, आमच्या न्यू जर्सीत ट्रेझरी खात्यात. मी दोन्ही कागद एकाच पाकिटात घालून राज्याकडे पाठवले. एक शिक्का मारून आला, दुसरा जसाच्या तसा परत, वर एक चिठ्ठी.

क्रम असा ठेवा: आधी बोटांचे ठसे आणि एफबीआय, कारण तिथेच वेळ जातो. पण फार आधीही नको, दाखला साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात. पदवी मात्र कधीही करून ठेवता येते. पदवी भारतातल्या विद्यापीठाची असेल तर तिचं प्रमाणीकरण भारतातूनच होतं. तो लांबचा पल्ला आहे. अमेरिकेतली पदवी असेल तर तीच वापरा. माझी मास्टर्स इथली होती, वाचले.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तुमच्या राज्याला जी वकिलात नेमून दिलेली असेल तिथेच जायचं. वॉशिंग्टन, न्यू यॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस. ह्यूस्टनची २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे टेक्ससवाल्यांनी कोणाकडे जायचं ते तपासावं.

४. करारावर सही करण्याआधी

करार दोन भाषांत असतो, आणि वाद झाला तर सहसा चिनी मसुदा ग्राह्य. चिनी येणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. मी पुढच्या गोष्टी लेखी मागितल्या: आठवड्याला किती तास, वर्गात किती मुलं, राहायची खोली कुठे, खोलीत हीटर आहे का, विमा कोणाचा, परतीचं तिकीट कोणाचं आणि मधेच सोडलं तर काय.

हीटरचा प्रश्न विचारला तेव्हा मला स्वतःलाच बालिश वाटला होता. चीनमध्ये सरकारी मध्यवर्ती हीटिंग छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला असतं, दक्षिणेला नसतं. हूनान दक्षिणेत. तिथली जानेवारीतली थंडी आकड्यात काहीच वाटत नाही, पण दमट असते. भिंती घामेजतात, गादी ओलसर लागते, वर्गात मुलं जाड कोट घालूनच बसतात आणि खिडक्या हवेसाठी उघड्या. न्यू जर्सीच्या बर्फात मला कधी वाजली नाही एवढी थंडी तिथे वाजली.

५. फोन आणि सामान

जायच्या आधी अमेरिकेतच वीचॅट आणि अलिपे टाका, ओळख पडताळणी करा, क्रेडिट कार्ड जोडा. चहाच्या टपरीपासून शाळेच्या सूचनांपर्यंत सगळं याच दोन ॲपवर चालतं. परदेशी कार्डावर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतं. म्हणून मोठं बिल दोन हप्त्यांत द्यायची सवय लागते.

जीमेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब चालत नाहीत. अमेरिकेतल्या घरच्यांना निघण्याआधी वीचॅट शिकवून ठेवा. भारतात मात्र ते २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आमच्या आईशी बोलायला शेवटी साधा आंतरराष्ट्रीय फोनच वापरला. धडे, चित्रं, गाणी सगळं पेन ड्राइव्हवर, दोन प्रतींत. वर्गातला संगणक जुना असतो, फाइल जुन्या स्वरूपातही सेव्ह करून न्या.

बॅगेत: नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह, मसाला डबा आणि झाकणाचा चांगला थर्मास. थर्मास तिथेही मिळेल, पण विमानतळावरूनच लागेल. गार पाणी कोणी पीत नाही. शाळेत प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याचा नळ असतो.

६. पोचल्यावर पहिले काही दिवस

२४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात वास्तव्याची नोंद. हॉटेलात उतरलात तर हॉटेल करतं, शाळेच्या खोलीत उतरलात तर तुम्ही आणि शाळेचा माणूस मिळून करायची. देशाबाहेर जाऊन आलात तर पुन्हा. मिळणारा कागद जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जाला तो लागतो.

मग वैद्यकीय तपासणी, उपाशी पोटी. रक्त, ईसीजी, एक्स-रे, दारामागून दार. तासाभरात मोकळे. त्यानंतर वर्क परमिट आणि ३० दिवसांच्या आत वास्तव्य परवान्याचा अर्ज. झेड व्हिसा एकदाच आत येण्यापुरता असतो, हा परवाना हातात येईपर्यंत देशाबाहेर पडू नका. तेवढे दिवस पासपोर्ट त्यांच्याकडे राहतो, तेव्हा पावती घ्या. रेल्वे प्रवासाला ती लागते. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रवासी नोंदणीत नाव घालायलाही विसरू नका, दहा मिनिटांचं काम आहे.

७. वर्गात

आता मुख्य गोष्ट. परदेशी शिक्षकाला 'वाइचियाओ' म्हणतात आणि त्याच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी संभाषणाचा तास येतो: प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकदा. माझ्याकडे १४ वर्ग होते, म्हणजे सातशेच्या वर मुलं. खरं इंग्रजी, म्हणजे परीक्षेचं, त्यांच्या नेहमीच्या शिक्षिका शिकवतात. तुम्ही लोणच्याच्या फोडीसारखे. ताटात हव्यात, पण पोट भातानेच भरायचं. हे एकदा मान्य केलं की राग येत नाही, कारण राग येण्यासारखं पुष्कळ घडतं. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई दारात उभ्या: 'आज तुमचा तास नाही.' सुट्टीची भरपाई म्हणून रविवारी शाळा आणि त्या रविवारी मंगळवारचं वेळापत्रक, हे शनिवारी रात्री वीचॅटवर कळतं. जूनच्या ७ तारखेला गाओखाओ, देशभरची कॉलेज प्रवेश परीक्षा, सुरू होते. तेव्हा तर आमची शाळा परीक्षा केंद्र म्हणून रिकामी करून घेतली.

वर्गाचा खरा मालक असतो बानझुरेन, म्हणजे वर्गशिक्षक. शिस्त, पालक, बाक कोणी कुठे बसायचं, सगळं त्याच्या हातात. मुख्याध्यापकांना भेटवस्तू देण्याआधी याच्याशी ओळख करा. मुलांमध्ये वर्गप्रमुख असते, बानचांग. माझ्या एका वर्गाची बानचांग चणीने एवढीशी होती, पण डस्टर एकदा टेबलावर आपटलं की ५० पोरं गप्प. मी तो आवाज काढायला वर्षभर शिकले, जमला नाही.

पहिले काही आठवडे एकच तक्रार असेल: मुलं बोलत नाहीत. सगळ्यांनी मिळून म्हणायला सांगा, छप्पर उडेल. एकाला उभं करा, मान खाली. ती मुलं मठ्ठ नाहीत आणि लाजाळूही नाहीत, मधल्या सुट्टीत बघा. सगळ्यांसमोर चुकणं त्यांना महाग पडतं. मला उपयोगी पडलेलं:

आधी जोडीत बोलायला लावा, मग चौघांत, आणि उत्तर गटाचं म्हणून घ्या. चूक झाली तर ती गटाची होते.

ओळींमध्ये स्पर्धा लावा, फळ्यावर गुण मांडा. बक्षीस काही नको, गुण पुरतात. मी एकदा बेरीज चुकले तर तिसऱ्या ओळीने तासानंतर शिष्टमंडळ पाठवलं.

'समजलं का?' असं विचारू नका. 'हो' हेच उत्तर येतं. करून दाखवायला सांगा.

अमेरिकन पद्धतीचं 'मोकळं वातावरण' पहिल्याच दिवशी आणू नका. मी बाकं गोलात लावली. पुढच्या तासाच्या बाईंना ती परत सरळ करण्यात दहा मिनिटं घालवावी लागली. त्या मला काही बोलल्या नाहीत. बानझुरेन बोलला, तेही तीन दिवसांनी, हसत हसत.

आणखी एक: तास रंगात आलेला असताना लाउडस्पीकरवर संगीत सुरू झालं आणि सगळ्या वर्गाने डोळे मिटून कपाळ-भुवया चोळायला सुरुवात केली, तर दचकू नका. हे डोळ्यांचे व्यायाम, १९६०च्या दशकापासून चालत आलेले. मी पहिल्यांदा तशीच बोलत राहिले, मिटलेल्या ५२ जोड्यांसमोर. गप्प बसा, जमलं तर तुम्हीही चोळा. दुपारी जेवणानंतर डोकं बाकावर टेकून झोप असते, तेव्हा व्हरांड्यातून टाचा वाजवत जाऊ नका.

देवाणघेवाण म्हणतात ती माझ्या बाबतीत ठरवलेल्या धड्यांतून फारशी झाली नाही. शाळेला अमेरिकेवरचा धडा हवा होता, म्हणून मी थँक्सगिव्हिंग, पिवळी स्कूल बस, बेसबॉल असं सगळं केलं. मुलांनी शिस्तीत ऐकलं. एका तासाला आकडे घेत होते. मी सहा दाखवायला दोन्ही हात वर केले तर मुलं खिदळायला लागली. चीनमध्ये एका हातावर दहापर्यंत मोजतात, सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी. मी म्हटलं, असं? मग मी त्यांना पेरांवर मोजून दाखवलं, आजी जपाची माळ नसताना मोजायची तसं, एका हातावर बारा. क्षणभर शांतता आणि मग सगळा वर्ग अंगठा पेरांवरून सरकवायला लागला. एका मुलाने दोन्ही हात धरून २४ केले आणि अभिमानाने वर्गाला दाखवले.

दुसऱ्या एका वर्गात कोणीतरी विचारलं, बाईंचं नाव बाईंच्या भाषेत कसं लिहितात? मी फळ्यावर देवनागरीत लिहिलं. लगेच प्रश्न: किती रेघा? आधी कुठली? त्यांच्या लिपीत प्रत्येक अक्षराच्या रेघांचा क्रम ठरलेला असतो. मी आयुष्यभर 'क' काढत आलेय, पण आधी दांडा की आधी पोट, हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचार करून सांगितलं आणि शिरोरेघ शेवटी. ५० वह्यांत ५० 'क' उमटले, काही तर माझ्यापेक्षा सुबक. तेव्हा मूळ भाषा घरी ठेवून जाऊ नका. 'अमेरिकन' म्हणून बोलावलं असलं तरी अमेरिकन माणूस असाही असतो, हे त्या मुलांना कळणं हाच एक धडा.

८. वर्गात काय काढायचं नाही

तैवान, तिबेट, थ्येनआनमेन, शिनच्यांग. मुलांनी विचारलं तरी नाही. तुम्ही विमानात बसून निघून जाल, वर्गाची जबाबदारी असलेला माणूस तिथेच राहील. धर्मप्रसार परदेशी माणसाला कायद्याने मना आहे. ख्रिसमसवर धडा घ्यायचा असेल तर आधी विचारा. आमच्याकडे नाताळची गाणी चालली, येशूची गोष्ट नको म्हणाले.

आपल्यासाठी खास सापळा म्हणजे नकाशा. 'मी इथली' म्हणून भारताचा नकाशा पडद्यावर लावायचा मोह होतो. आपल्याला शाळेत शिकवलेल्या नकाशात अक्साई चीन आणि अरुणाचल भारतात, त्यांच्या पुस्तकातल्या नकाशात नाहीत. माझ्या स्लाइडवर असा नकाशा होता. तास सुरू व्हायच्या आधी सहशिक्षिकेने तो पाहिला, काही न बोलता माऊस घेतला आणि त्या जागी हत्तीचं चित्र टाकलं. माझ्या नशिबात तिथे हत्तीच होते. छापील नकाशे आणि पृथ्वीगोल तर नेऊच नका, कस्टममध्ये अडतात.

शाळेबद्दलची टीका वीचॅटवर लिहू नका, आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. तुमचे फोटो मात्र सगळे टाकतील.

९. जेवण

शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं पुरत नाही. भाजीत डुकराची चरबी असते, टोफूवर खिमा असतो आणि वाढणाऱ्याच्या मते ते मांस नसतंच. 'मांस नाही, मासे नाहीत, चरबी आणि मांसाचा रस्सा नाही, अंडं चालेल' असं चिनीत लिहून घेऊन फोनवर ठेवा आणि खानावळीत दाखवा. टोमॅटो-अंडं, बटाट्याचा कीस, वांगी, लसणात परतलेल्या पालेभाज्या कुठेही मिळतात. हूनानी जेवण झणझणीत असतं. कोल्हापूरकरांनी चिंता करू नये, बाकीच्यांनी करावी.

मुख्याध्यापक एकदा तरी जेवायला नेतील. गोल टेबल, फिरती काच आणि पेल्यामागून पेला. पीत नसाल तर पहिल्याच पेल्याला सांगा, तिसऱ्याला नाही. दारूऐवजी चहा उंचावण्याची रीत त्यांच्यातही आहे, कोणी वाईट मानत नाही. पेला भिडवताना मोठ्यांच्या पेल्यापेक्षा आपला थोडा खाली.

अशाच एका जेवणात मी मूळची महाराष्ट्रातली म्हटल्यावर निवृत्त झालेले एक शिक्षक म्हणाले, 'के दीहुआ!' मला आधी पदार्थाचं नाव वाटलं. के दीहुआ म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. तरुण शिक्षकांना ते नाव माहीत नव्हतं. म्हाताऱ्याने मग अर्धा तास सगळ्यांना गोष्ट सांगितली आणि माझ्या ताटात मासा वाढला. तो मी खाल्ला.

१०. निघताना आणि निघाल्यावर

शाळेकडून मुक्तता पत्र आणि वर्क परमिट रद्द केल्याचा कागद घेतल्याशिवाय निघू नका. पुन्हा कुठल्याही शाळेत जायचं तर तो मागतात, आणि अमेरिकेतून मागवायला लागलात तर संबंधित कारकून हमखास बदलून गेलेला असतो. बँक खातं बंद करा, वीचॅटमधले पैसे संपवा. मी उरलेल्या युआनची वर्गाला पेरूची पेटी आणली.

पुढे संबंध ठेवायचा तर व्हिडिओ कॉलच्या भानगडीत पडू नका. १२-१३ तासांचा फरक, त्यांच्याकडे रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका, आणि शाळेत मुलांच्या हातात फोन नसतो. कागदी पत्रं चालतात. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या मिडल स्कूलच्या एका वर्गाशी मी ती सुरू करून दिली आहेत. सगळी एका मोठ्या पाकिटात घालून दोन्हीकडच्या शिक्षिकांच्या नावाने पाठवायची, मुलांचे घरचे पत्ते कुठेही लिहायचे नाहीत. चीनला जाणाऱ्या पाकिटावर शाळेचा पत्ता चिनी अक्षरांत छापलेलं लेबल चिकटवा आणि देशाचं नाव तेवढं इंग्रजीत लिहा. माझं पहिलं पाकीट सगळं इंग्रजीत होतं, ते चार महिन्यांनी परत आलं.